रिकामा चिमटा, रिकामं पोट

१

मासा स्टीलच्या ताटलीत होता आणि ताटली जेवणाच्या टेबलावर, बरोबर मधोमध. वहिनीने ती मुद्दाम तिथे ठेवली होती.

"बघा सगळ्यांनी," ती म्हणाली. "झाकलेला नाही, फेकलेला नाही. मेला तसा डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवला. मला माहीत होतं, तुम्ही येणार आणि माझी उलटतपासणी घेणार."

तळहाताएवढा चपटा मासा. याला सगळे लिंबू म्हणायचे, इतका पिवळा होता म्हणे. आता त्या पिवळ्यावर तपकिरी रंग चढला होता, भिंतीवर ओल चढते तसा. डोळ्याभोवती बारीक सोनेरी कडं. पोट आत ओढलेलं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खाचेत मिटलेलं एकेक पातं होतं. त्या पात्यामुळेच या जातीला सर्जन मासा म्हणतात. मी त्याला बोट लावलं आणि बोटातून रक्त आलं. मेला होता, पण धार शाबूत होती.

"लावलास हात!" आई म्हणाली. "लहानपणापासून तेच. दिसलं की बोट घालायचं."

बैठकीच्या खोलीत भिंतभर टाकी होती. खारं पाणी, दगड, दगडांवर डोलणारी प्रवाळं, मोजके मासे. टाकी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. अन्ननलिकेच्या आजाराने तो गेला त्याला काही महिने झाले. शेवटी शेवटी त्याचा पलंग टाकीसमोरच लावला होता. लिंबू हा त्याने हौसेने आणलेला शेवटचा मासा.

"आधी माझा मुलगा वाळला," आई म्हणाली. "आता त्याचा मासा. वाढणारा हात एकच."

टाकीचा पंप तेवढा घुरघुरत होता.

धाकट्या भावाने घसा साफ केला. "हे बघा वहिनी, मी भांडायला आलेलो नाही. उद्या सकाळी माणसं येतायत. टाकी माझ्या ऑफिसात नेतो. दर्शनी भागात ठेवू, देखभालीला माणूस आहे. इथे राहिली तर एकेक करून सगळे जातील."

"टाकी कुठेही जाणार नाही."

"मासा उपाशी मेलाय. आंधळ्यालाही दिसेल."

"रोज पान लावलं मी त्याला."

"मग पोट असं का?"

तिने हनुवटी आणखी वर केली.

धाकटा माझ्याकडे वळला. "ताई, तू डॉक्टर आहेस. तू बघ. तू म्हणशील ते मान्य."

"मी दातांची डॉक्टर आहे रे."

"डॉक्टर ती डॉक्टर," आई म्हणाली.

"बघा ना, वन्सं," वहिनी म्हणाली. एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, तलवार म्यानाबाहेर आली. "पण माझी एक अट आहे. मी उपाशी ठेवला असं निघालं तर टाकी न्या, मी दार उघडं धरून उभी राहीन. नाही निघालं तर टाकी माझी. आणि उपाशी ठेवलं हा शब्द या घरात पुन्हा कोणी काढायचा नाही. माशाबद्दल नाही आणि माझ्या नवऱ्याबद्दलही नाही."

"कबूल," धाकटा म्हणाला.

मी स्वयंपाकघरातली कात्री उकळत्या पाण्यातून काढली आणि लिंबूचं पोट उघडलं.

आत हिरव्याचा एक कण नव्हता.

२

वहिनीची उत्तरं. माझे प्रश्न देत नाही. तिने ते पुरे होऊच दिले नाहीत.

"हो, मीच. दुसरं कोण घालणार? तुम्ही सगळे फोनवरून घालत होतात का?"

"समुद्री शेवाळाचं वाळवलेलं पान. कागदासारखं असतं. ते चिमट्यात धरायचं आणि चिमटा आतून काचेला चिकटवायचा. सकाळी एक, दुपारी एक. हे यांनी शिकवलं. बोलता येत होतं तेव्हा बोलून, मग खुणांनी. पिवळ्याकडे बोट, मग डब्याकडे बोट. मग माझ्याकडे डोळे वटारून. कळलं का, म्हणून."

"नाही, कधीच नाही चुकलं. ते गेले त्या दिवशीही लावलं. माणसं दारात येत होती, रडत होती, आणि मी चिमटा लावत होते. आईंनी पाहिलं. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी दगड."

"संध्याकाळपर्यंत रिकामा. तुकडाही उरायचा नाही. मधले ते दिवस सोडले तर... काही नाही. पुढचं विचारा."

"काही नाही म्हटलं ना!"

"चिमटा रिकामा म्हणजे खाल्लं, असंच समजणार ना मी? माशाला काय विचारायचं, पोटभर जेवलास का?"

"रंग एकदम नाही गेला. आधी पाठ मळल्यासारखी दिसायला लागली. मग कुशी. मला वाटलं पाण्याचा दोष, म्हणून मी आणखी घासायला लागले."

"काचा. चारही. हे फक्त समोरची पुसायचे, स्वतःला दिसावं म्हणून. मी सगळ्या पुसल्या. दगडसुद्धा, ब्रशने. तुमच्याच दवाखान्यात फुकट वाटतात ते ब्रश, वन्सं. हेही नोंदवा."

"आवडायचा? मुळीच नाही. तो यांच्याकडे बघायचा, हे त्याच्याकडे बघायचे, आणि मी मध्ये यांच्या औषधाची नळी धरून उभी. मी आडवी आले की हे मान तिरकी करून माझ्या मागचा मासा बघायचे. कसा आवडेल? पण न आवडणाऱ्याचं ताट काढून घेतात अशी रीत तुमच्याकडे असेल. माझ्या आईने मला ती शिकवली नाही."

३

धाकटा टाकीजवळ उभा होता. मी बोलायला गेले, नीट बघायला वाकले आणि कपाळ काचेवर आपटलं.

तो हसला. "कळलीच नाही ना काच? आता अशी लख्ख आहे. दादा आजारी होता तेव्हा बघायला हवी होतीस. चारही बाजूंना शेवाळाची तपकिरी साय धरलेली. भेटायला लोक येतात, काय म्हणतील? घरात एक माणूस आजारी आहे म्हणून सगळंच कुजू द्यायचं? तो गेल्यावर मीच तिला चुंबकाची पुसणी आणून दिली. एक तुकडा आत, एक बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला फिरतो. म्हटलं, वहिनी, एवढं तरी करा."

"सगळ्यांदेखत म्हणालास?"

"सगळे होतेच समोर. मी काय करू?"

"मग केलं ना तिने."

"केलं की. चमकवण्यात कसूर नाही. पण खायला घालणं आणि भांडी घासणं यात फरक आहे, ताई."

पाण्यात एक मोठा मासा आमच्या समोरून गेला. काळपट, अंगावर उभे पट्टे, पाठीवर शिडासारखा उंच पर. हा हवालदार. दिवसभर टाकीत गस्त घालतो म्हणून दादाने ते नाव ठेवलं होतं.

"तुला टाकी कशाला हवी?" मी विचारलं.

"दादाची आठवण."

"ती इथे काय वाईट आहे?"

त्याने काचेवर तळहात टेकवला. "त्याने मला कधी हात नाही लावू दिला हिला. पान लावू का विचारलं तर म्हणायचा, तुला जमणार नाही, तू घाईवाला. मी चाळिशीला आलो तरी घाईवाला."

"आणि वहिनीला दिलं लावायला."

"नाइलाज होता त्याचा. पलंगावरून उठता येत नव्हतं." मग त्याने आवाज खाली आणला. "तू शोधतेयस काय तेच कळत नाही. पोट रिकामं. वाढणारी एकच. यात कोडं कुठंय?"

"चिमटाही रिकामा व्हायचा. पान जायचं कुठे?"

"कचऱ्यात," तो म्हणाला. "आईसमोर लावायचं, आई पडायला गेली की काढून टाकायचं. सोपं आहे. तिला तो मासा आवडत नव्हता. विचार तिला."

मला विचारायची गरज नव्हती. तिने आधीच सांगून टाकलं होतं.

४

"माझी काही साक्ष वगैरे घेऊ नकोस. मी आई आहे तुझी.

"बस इथे. हो, इथेच होता पलंग. लेक माझा या कुशीवर असायचा, आणि तो पिवळा तिकडून यायचा. तुला खोटं वाटेल. काचेला तोंड लावायचा. पापा द्यायचा गं! एक दिला की जरा सरकायचा, पुन्हा एक. दिवसभर तेच. काचेवर ठसे उठायचे, ओठांएवढे, गोल गोल. त्या मळक्या काचेवर तेवढंच काय ते स्वच्छ. मी लेकाला म्हणायची, बघ, आज गालाचे घेतले, आज कपाळाचे. हसायचा. त्याला हसताना दुखायचं, तरी हसायचा.

"मासा कसा होता म्हणतेस? गुबगुबीत. लेक वाळत होता आणि मासा फुगत होता. मला तर वाटायचं, ह्याचं सगळं त्याच्या अंगी लागतंय.

"आणि तो गेल्यावर पापे बंद. यायचा काचेशी, तोंड लावायचा एकदा आणि निघून जायचा. मुक्या जिवाला कळतं, बाई. माणूस नाही म्हणजे नाही. त्याने दुःखाने अन्न सोडलं म्हणावं तर हिने समजावून घालायला नको? ही काय करते, काच पुसते. सकाळी पुसते, संध्याकाळी पुसते. माझ्या लेकाच्या पलंगाची जागासुद्धा हिने अशीच पुसून काढली. डोळ्यात पाणी नाही आणि हातात फडकं.

"पान काढून फेकताना? मी?

"नाही. तसं नाही पाहिलं. खोटं कशाला बोलू? ती फेकत नव्हती.

"अगं, पान तो दांडगा ओढायचा. हवालदार. चिमटा लागला की हा हजर. पिवळा जरा जवळ आला की शेपूट फिरवून अंगावर जायचा. रोज बघायची मी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

५

आरोपी: हवालदार.

वय: ठाऊक नाही. राहणार: डाव्या कोपऱ्यातला मोठा दगड.

आरोप: मयत लिंबू यास अन्नापासून दूर ठेवणे, त्याच्या वाट्याचे पान रोज फस्त करणे, व शेपटीच्या पात्याने त्याच्या कुशीवर वार करणे.

पुरावा: कुशीवर एक लांब ओरखडा, खवले उडालेले. मी भिंगातून पाहिला. चिमटा रिकामा आणि पोटही रिकामं, याचं उत्तर यातच होतं. पान खाल्लं जात होतं, पण ज्याच्यासाठी लावलं त्याच्या तोंडात जात नव्हतं. वहिनी खरं बोलत होती. आईही खरं बोलत होती. धाकट्याचं कचऱ्याचं गणित चुकलं होतं.

मी सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि हे असंच वाचल्यासारखं सांगितलं. जरा थाटातच, कारण माझ्या पेशात आरोपी नेहमी किडलेली दाढ असते. असली संधी पुन्हा कुठे मिळणार होती?

धाकटा खाली बघत म्हणाला, "म्हणजे... वहिनीने घातलं, पण त्याला मिळालं नाही."

"एवढंच."

वहिनी हसायला लागली. चांगलं हसू नव्हतं ते.

"वन्सं, तुम्ही मला वाचवताय होय? राहू द्या. हवालदाराला मी जाळी टाकून कोपऱ्यात कोंडला होता."

"कधी?"

"लिंबू खंगायला लागला तेव्हा. मलाही डोळे आहेत. चांगले आठ-दहा दिवस कोंडला. म्हटलं, खा बाबा एकटा, कोणी नाही मध्ये."

"मग?"

"पान तसंच राहिलं. सकाळचं दुपारी काढलं, दुपारचं संध्याकाळी. भिजून लगदा व्हायचा. लिंबू त्याच्यापुढून जायचा, बघायचाही नाही. शेवटी जाळी काढली, निदान हवालदार तरी खाईल म्हणून."

"हे मघाशी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? हिच्या हातचं माणूस खात नाही, मासाही खात नाही. हेच ऐकलं असतं ना?"

आईने तोंड फिरवलं. धाकट्याने टेबलावर हात ठेवला.

"समोर अन्न, आडवं कोणी नाही, आणि तरी उपाशी," तो म्हणाला. "ताई, आता तुझा आरोपी सुटला. राहिलं कोण?"

५, पुन्हा

राहिलं होतं लिंबूचं तोंड. दातांची डॉक्टर असून मी त्याचं पोट उघडलं, कातडी तपासली, शेपटीने बोट कापून घेतलं, आणि तोंड तेवढं उघडलं नव्हतं.

मी दवाखान्यातून सरळ आले होते, त्यामुळे भिंगाचा चष्मा बॅगेत होता. ताटली खिडकीशी नेली. ओठ जाडसर, खाली वळलेले. ते मागे सारले आणि आत बारीक सळई फिरवली.

सळईखाली दात वाकला.

मी पुन्हा फिरवली. ओळच्या ओळ वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. केसांसारखे बारीक, दाटीने बसलेले, टोकाशी किंचित वळलेले. हिरडीत घट्ट बसलेला असा एकही नव्हता.

"वहिनी, एक पान लाव."

"आता?"

"आता."

तिने चिमटा लावला. हवालदार आला, काचेशी तोंड नेलं आणि पान ओढलं. टर्रकन तुकडा निघाला. मी फोनने फोटो काढत गेले आणि त्यातला एक मोठा करून पाहिला. समोर मोजकेच रुंद दात, शेजारी शेजारी घट्ट, कडा करवतीसारख्या. फाडायचे दात.

एकाच घराण्यातले दोन मासे. दोघांच्या शेपटीत पातं. पण एकाच्या तोंडात करवत होती आणि दुसऱ्याच्या तोंडात कंगवा. कंगव्याने पान तुटत नाही. कंगव्याने विंचरायचं असतं. पण काय?

मी टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. समोरची काच, बाजूच्या, सगळं लख्ख. मागे पंपाची नळी होती, मागच्या काचेला आतून जवळजवळ चिकटलेली, तिथे ना पुसणी पोचत होती ना ब्रश. मी गाल भिंतीला टेकवून फोनच्या उजेडात फटीत पाहिलं.

नळीमागे काचेवर चिंचोळी तपकिरी पट्टी उरली होती. तिच्यावर ठसे होते. गोल. एकावर एक, इतके दाट की साय जेमतेम कडेला राहिली होती. दोन्ही बाजूंनी, जिथपर्यंत तोंड घुसेल तिथपर्यंत.

"आई," मी म्हटलं. "जरा इकडे ये. तुझे पापे बघ."

६

लिंबू जिथून आणला त्या दुकानदाराला फोन लावला तो नुसता खात्री करायला. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"पिवळा? हो हो, आठवतो ना," दुकानदार म्हणाला. "साहेब स्वतःच निवडायचे. मी तोंड उघडलं की म्हणायचे, तू पिशवी बांध."

"कोणत्या जातीचा म्हणून दिलात?"

"जात साहेबांनीच सांगितली. पिवळा सर्जन, पानखाऊ. मी म्हटलं हो."

"तुम्हाला काय वाटत होतं?"

"मला काय वाटायचंय मॅडम? पिवळा तो पिवळा. गिऱ्हाइकाशी वाद घालून धंदा होतो का? का, काय झालं?"

मी फोन बंद केला आणि चित्रं शोधली. पानखाऊ पिवळा सापडला: तोंड पुढे निमुळतं, पर उंच, मोठेपणीही तसाच पिवळा. मग त्याचा चुलत भाऊ सापडला, कंगवेदाती सर्जन. लहानपणी तोही पिवळाधमक. वाढला की तपकिरी होतो आणि डोळ्याभोवती सोनेरी कडं तेवढं उठून दिसतं. खाणं, काचेवरची आणि दगडावरची साय. दिवसभर, थोडी थोडी, विंचरून. काही शिकतात दुसरं खायला. हा शिकला नाही.

फोन मी ताटलीशेजारी ठेवला, चित्र आणि मासा एकत्र दिसतील असा.

७

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"म्हणजे रंग गेला तो आजाराने नाही. तो मोठा होत होता. वहिनीला वाटलं पाणी मळलंय."

"म्हणून मी घासलं," वहिनी म्हणाली.

"म्हणून तू घासलंस. आणि हा म्हणाला म्हणून घासलंस. दादा पलंगावर होता तेव्हा कोणी टाकीला हात लावत नव्हतं, तेव्हा मासा गुबगुबीत. साय हेच त्याचं ताट होतं. तो पापे देत नव्हता, आई. जेवत होता."

"काहीतरीच," आई म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता.

"नंतर काच लख्ख, दगड लख्ख. पान रोज समोर, पण ते त्याच्या दातांचं अन्नच नव्हतं. जाळी टाकली काय, काढली काय. तो शेवटपर्यंत नळीमागच्या फटीत तोंड घालून पोट भरायचा प्रयत्न करत होता. तिथेच अंग घासून कूस खरचटली असणार. हवालदारावर त्या वाराचा आरोपही मी उगाच लावला."

धाकटा खुर्चीत मागे टेकला. "पुसणी मी आणली होती."

"आणलीस."

"म्हणजे मी मारला?"

"तू लोकांना काय वाटेल ते पाहिलंस. मासा काय खातो ते तू पाहिलं नाहीस, पण ते पाहायचं तुला कोणी सांगितलंही नव्हतं."

"मग सांगायचं कोणी?" आईने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तरी तिने विचारलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. बोलून दाखव, अशा नजरेने.

"दादाने," मी म्हटलं. "मासा त्याने ओळखला. चुकीचा ओळखला."

"माझ्या मुलाला मासे कळत नव्हते?"

"हा कळला नाही."

"तो पुस्तकं वाचायचा, रात्रंदिवस..."

"वाचायचा. आणि दुसऱ्या कोणाला तोंड उघडू द्यायचा नाही. आई, तो माझाही भाऊ होता. मला त्याच्याबद्दल खोटं बोलायला लावू नकोस."

आईचा हात वर गेला. मला वाटलं आता पडतेय एक, या वयात. तो हात तिने स्वतःच्याच तोंडावर ठेवला.

"झालं तर," धाकटा हळूच म्हणाला. "वहिनी सुटल्या."

"मी कुठे अडकले होते?" वहिनी उभी राहिली. "आणि भाऊजी, मला असं सोडू नका. काच माझ्या हाताने पुसली. दगड माझ्या हाताने घासले. मासा माझ्या हाताने मेला, ते मी कोणावर ढकलणार नाही. यांच्यावर तर नाहीच. त्यांना वाटलं तो पान खातो, मला वाटलं ते सांगतात ते खरं. चुकले म्हणा. मूर्ख म्हणा. हजारदा म्हणा." ती आईकडे वळली. "पण यांच्या घशाखाली घोट उतरत नव्हता तेव्हाही मी चमचा घेऊन उभी होते. डॉक्टर म्हणाले आता बळजबरी नको, तरी उभी होते. तुम्ही खोलीबाहेर जायचात, बघवत नाही म्हणून. मला बघवत होतं असं वाटलं तुम्हाला? दोघांनाही रोज वाढलं मी. दोघांनाही खाता आलं नाही. उपाशी ठेवलं म्हणू नका."

आईने तोंडावरचा हात काढला.

आई म्हणाली, "तू रडली नाहीस."

"हात मोकळे नव्हते," वहिनी म्हणाली.

८

सकाळी माणसं आली. दोर, टब, जाड फडकी. धाकटा आदल्या दिवशी तावातावाने कबूल म्हणाला होता, पण त्याने त्यांना नको असा निरोप दिला नव्हता. विसरला की मुद्दाम, ते त्यालाच ठाऊक. तोही त्यांच्या मागोमाग जिना चढून आला आणि दाराच्या चौकटीत थांबला. ना आत, ना बाहेर.

मी रात्री तिथेच राहिले होते. आई टाकीसमोरच्या खुर्चीत, सगळ्यांकडे पाठ करून बसली होती.

"टाकी ही ना?" मुकादम आत येत म्हणाला. त्याने काचेवर टिचकी मारून जाडी अजमावली. "जड आहे. पाणी निम्म्यावर आणावं लागेल. पंपाचं बटण कुठंय?"

"बटणाला हात लावायचा नाही," वहिनी म्हणाली. ती टाकी आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"बंद केल्याशिवाय उचलणार कशी, बाई?"

"उचलायचीच नाही."

"आम्हाला तर न्यायला सांगितलंय."

"ज्यांनी सांगितलं त्यांची नाही ती. माझी आहे."

मुकादमाने चौकटीतल्या धाकट्याकडे पाहिलं. "साहेब?"

धाकटा चुळबुळला. "वहिनी, मी काय म्हणतो, कालचं सगळं मान्य. पण व्यवहाराने बघा. एक चूक झाली, उद्या दुसरी होईल. हे नाजूक काम आहे. माझ्याकडे माणूस आहे, शिकलेला."

"मीही शिकतेय," वहिनी म्हणाली. "मागची काच कालपासून पुसलेली नाही, पुढेही पुसणार नाही. समोरचीही बहुतेक नाही. तुमच्या पाहुण्यांना मळकी दिसली तर त्यांनी डोळे मिटावेत. आणि या टाकीत आणखी काही मेलं तर तेही ताटलीत घालून टेबलावर ठेवीन. या बघायला. पण ती इथून हलणार नाही."

"ताई, तू तरी सांग," धाकटा मला म्हणाला.

"मी म्हणेन ते मान्य, असं तूच म्हणाला होतास," मी म्हटलं. "मी म्हणून झालंय."

मुकादम वैतागला. त्याची माणसं जिन्यात टब धरून ताटकळत होती. "ठरवा बुवा एकदाचं. घरात मोठं कोण आहे?" त्याने खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज चढवला. "आजी! टाकी न्यायची की ठेवायची?"

आई वळली नाही. ती इतका वेळ गप्प राहिली की मुकादमाला वाटलं ऐकू गेलं नाही. तो पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात ती बोलली.

"मला काही पटलेलं नाही," आई म्हणाली. "माझ्या मुलाला सगळं कळत होतं."

धाकटा एक पाऊल आत आला.

"पण मला कशाला विचारता?" आता मात्र ती वळली, आणि तिचा आवाज असा चढला की जिन्यातला टब दणकन खाली आपटला. "ती सांगतेय ना मघापासून! तिची टाकी आहे, ती नाही म्हणतेय. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

वहिनीने मुकादमाच्या तोंडावर दार लावलं. धाकटा कुठल्या बाजूला राहिला ते नंतर बघितलं.